डोळ्याच्या शस्त्रक्रियेत ड्रेपखालचा श्वास : ओटीत नव्याने आलेल्यांसाठी

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा रुग्ण जागा असतानाच होते. डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन किंवा नुसते थेंब घालून डोळा बधिर करतात, चेहरा बीटाडीनने स्वच्छ करतात आणि मग डोक्यापासून छातीपर्यंत ड्रेप, म्हणजे निर्जंतुक आवरण, पसरतात. शस्त्रक्रियेच्या डोळ्यापुरतीच जागा तेवढी उघडी राहते. पुढची पंधरा-वीस मिनिटे, आणि पडद्याची शस्त्रक्रिया असेल तर तासभर किंवा त्याहून अधिक वेळ, रुग्णाचे नाक आणि तोंड त्या ड्रेपखाली असते. मराठवाड्यातील जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात, धर्मादाय नेत्ररुग्णालयात किंवा शिबिराच्या यादीवर नव्याने रुजू झालेल्या सिस्टर, ओटी सहायक आणि नेत्र सहायकांसाठी हा लेख आहे. सर्जनची नजर मायक्रोस्कोपमध्ये असते आणि भूलतज्ज्ञ प्रत्येक केसला टेबलाशेजारी असतीलच असे नाही. त्यामुळे ड्रेपखालच्या माणसाचा श्वास नीट चालला आहे की नाही, हे पाहण्याचे काम पुष्कळदा तुमच्यावरच येते.

आधी कारण समजून घ्या

रुग्ण "जीव घाबरा व्हायलाय, गुदमरायलंय" म्हणतो तेव्हा नवख्या माणसाचा हात ऑक्सिजनच्या नॉबकडे जातो आणि नजर पल्स ऑक्सिमीटरकडे. आकडा 98 दिसला की "काही नाही मावशी, सगळं बरोबर आहे" असे सांगून विषय संपवला जातो. पण मावशी खरे बोलत असतात. आपण बाहेर सोडलेल्या श्वासात सुमारे 4 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, तर खोलीतल्या हवेत तो 0.04 टक्क्याच्या आसपास असतो. प्लास्टिकच्या ड्रेपमधून हवा आरपार जात नाही, म्हणून सोडलेला श्वास चेहऱ्याभोवतीच साठतो आणि पुन्हा तोच आत ओढला जातो. हिवाळ्यात गोधडी डोक्यावरून ओढून घेतल्यावर थोड्याच वेळात तोंड बाहेर काढावेसे वाटते, ते याच कारणाने. गुदमरल्याची भावना मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे येते. ऑक्सिमीटर मात्र फक्त ऑक्सिजन मोजतो. नाकात ऑक्सिजनची नळी चालू असेल तर रक्तातला ऑक्सिजन उत्तम राहतो, आकडा 99 दाखवतो आणि त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड वाढत राहू शकतो.

म्हणून या सगळ्या कामाचा गाभा एकच आहे : ड्रेपखालची हवा सतत बदलती ठेवणे. ऑक्सिजन देणे हा त्यातला एक भाग आहे, आणि तो त्याचा पर्याय होऊ शकत नाही. पुढे जे सांगितले आहे ते या एका गोष्टीशी जोडून वाचले, तर कोणती पायरी कधी सोडता येईल आणि कोणती कधीच सोडता येणार नाही, हे तुमचे तुम्हाला ठरवता येईल.

टेबलावर घेण्यापूर्वी

"दम्याचा त्रास आहे का?" या प्रश्नाला आपल्याकडचे बहुतेक वयस्क रुग्ण "नाही" म्हणतात. चुलीच्या धुरात अर्धे आयुष्य गेलेल्या बाईला, जिनिंगमध्ये कापसाच्या तुसात काम केलेल्या माणसाला किंवा वर्षानुवर्षे बिडी ओढणाऱ्या आजोबांना लागणारी धाप हा त्यांच्या दृष्टीने वयाचा भाग असतो, रोग नसतो. त्यामुळे प्रश्न वेगळे विचारावेत. घरी उताणे किती वेळ झोपवते? डोक्याखाली उशा किती लागतात? रात्री दम लागून उठून बसावे लागते का? पायांवर सूज येते का? दोन-तीन उशांशिवाय झोप येत नसेल, तर ही गोष्ट केस पेपरवर लिहावी आणि रुग्ण ओटीत पोहोचण्याच्या आधीच सर्जन व भूलतज्ज्ञांना सांगावी.

शंका असेल तर वॉर्डातल्या खाटेवरच चाचणी घ्यावी. रुग्णाला एका पातळ उशीवर उताणे झोपवून पंधरा-वीस मिनिटे तसेच राहू द्यावे, आणि सोबतच्या नातेवाइकाला शेजारी बसवून मधूनमधून स्वतः पाहून यावे. जो रुग्ण इथे दहाव्या मिनिटाला उठून बसतो, तो टेबलावरही बसणार, आणि तेव्हा त्याचा डोळा उघडा असेल. खोकल्याचेही असेच आहे. खोकल्याने डोळ्यातला दाब एकदम वाढतो आणि डोळा उघडा असताना आतल्या आत मोठा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. ढास लागलेल्या माणसाची तारीख पुढे ढकलण्यात कोणताही कमीपणा नाही, मग तो शिबिराच्या गाडीतून दोन तालुके ओलांडून आलेला असला तरी.

इन्हेलर वापरणाऱ्या रुग्णाने तो सोबत आणावा, हे फोनवरच सांगावे. तो घरी विसरला जातो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्याचे पफ ओटीत जाण्याआधी घ्यायला लावावेत. बीपीच्या गोळ्या सकाळी घेतल्या का, तेही विचारावे. लघवीला अगदी शेवटच्या क्षणी पाठवावे, विशेषतः प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना आणि पाणी काढणारी गोळी घेणाऱ्यांना, कारण लघवी दाबून झोपलेला माणूस स्वस्थ राहू शकत नाही आणि त्याची चुळबुळ श्वासाच्या त्रासासारखीच दिसते. आदल्या दिवशी डोके धुवून यायला सांगावे. केसांना आणि कपाळाला तेल असले की ड्रेपची चिकट कड नीट बसत नाही, श्वासाची वाफ फटीतून डोळ्याकडे येते आणि निर्जंतुक भाग तसा राहत नाही.

कपडे, उशी आणि पाठ

ओटीचा गाऊन वरून घातला तरी आतले कपडे तसेच असतात, हे विसरू नये. परकराची आवळलेली नाडी, नऊवारीचा कंबरेचा घट्ट कासोटा, धोतराचा आवळ किंवा पॅन्टचा पट्टा, यांपैकी काहीही असले तरी पोट वर-खाली व्हायला जागा उरत नाही. वयस्क माणसे पोटाने बराच श्वास घेतात. बाई असेल तर सिस्टरने आडोशाला नेऊन नाडी सैल करून घ्यावी आणि ब्लाऊजचा वरचा हूक काढावा.

टेबलावर पाठ सपाट, मान किंचित मागे आणि चेहरा छताला समांतर, ही नेहमीची स्थिती. गुडघ्यांखाली उशी ठेवल्याने कंबरेचा ताण आणि पोटाचा दाब दोन्ही कमी होतात, पण घाईच्या यादीत हीच उशी सर्वांत आधी गायब होते. ती प्रत्येक रुग्णाला द्यावी. टाचांखालीही घडी केलेले कापड घालावे.

पाठीला पोक आलेल्या आजींना सपाट टेबलावर झोपवले की डोके अधांतरी राहते. डोक्याखाली उशा भरून ते वर घेतले तर हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. अशा वेळी टेबलाचा पाठीचा भाग उचलावा, खांद्यांखाली व मानेखाली आधार द्यावा आणि डोके हेडरेस्टवर मागे झुकवून चेहरा जमेल तितका आडवा आणावा. चेहरा पूर्ण आडवा येत नसेल तर सर्जन मायक्रोस्कोप तिरका करू शकतात, पण त्यांना ते ड्रेप लावण्यापूर्वी कळायला हवे. ज्यांना हृदयविकारामुळे किंवा फुप्फुसाच्या जुनाट आजारामुळे सपाट झोपवत नाही, त्यांचीही पाठ उचलूनच ठेवावी. टेबल डोक्याकडे खाली झुकवून चेहरा आडवा करण्याची युक्ती अशा रुग्णावर कधीही करू नये. पोटातले अवयव छातीकडे सरकतात आणि धाप वाढते.

एसीच्या गारठ्यात कुडकुडणारा रुग्ण हलतो, म्हणून पांघरूण द्यावे, पण ते हलके असावे आणि छातीवर त्याची घडी नसावी. बीपीचा कफ एका हाताला आणि ऑक्सिमीटर दुसऱ्या हाताच्या बोटाला लावावा. दोन्ही एकाच हाताला असतील तर कफ फुगताना ऑक्सिमीटरचा आकडा पडतो आणि विनाकारण धावपळ होते. नखाला नेलपॉलिश किंवा गडद काळी मेंदी असेल तर बोट बदलावे. कफ फुगल्यावर हात आवळला जाणार, हेही आधी सांगून ठेवावे. न सांगता आवळला तर माणूस दचकतो.

ऐकू येण्याचे यंत्र वापरणारा रुग्ण असेल तर शस्त्रक्रियेच्या विरुद्ध बाजूच्या कानातले यंत्र राहू द्यावे. नाही तर पुढच्या सगळ्या सूचना त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाहीत.

इंजेक्शननंतरची काही मिनिटे

डोळ्यामागे दिलेल्या भुलीचे औषध क्वचित मेंदूच्या खोडापर्यंत पोहोचते. मग रुग्ण गुंगतो, बोलणे थांबते आणि श्वास मंदावतो किंवा बंद पडतो. हे साधारणपणे इंजेक्शननंतर 2 ते 20 मिनिटांत दिसते, म्हणजे नेमके ड्रेप लावण्याच्या वेळेत. त्यामुळे हे बधिर करणारे इंजेक्शन (ब्लॉक) दिल्यावर रुग्णाला ओळीत एकटे झोपवून ठेवू नये. त्याला गाव विचारावे, मुलाबाळांबद्दल विचारावे आणि उत्तर नीट येते का ते पाहावे. उत्तर अडखळले, दुसऱ्या डोळ्याची बाहुली मोठी झाली किंवा श्वास उथळ वाटला, तर ड्रेप बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना बोलवावे. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि मास्क हाताशी, त्याच खोलीत असले पाहिजेत.

ड्रेपचा तंबू

माझ्या मते या संपूर्ण कामातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणजे ड्रेप चेहऱ्यावर टेकू न देणे. टेबलाला लावायचा वाकवलेला धातूचा दांडा मिळतो. तो हनुवटीच्या वर वीतभर उंचीवर आडवा यावा असा बसवावा. दांडा नसेल तर उपकरणांची मेयो ट्रॉली छातीवरून आडवी आणून तिच्या कडेवर ड्रेप टाकता येतो, मात्र ट्रॉली छातीला टेकलेली नसावी आणि श्वास घेताना छाती तिला लागत नाही ना, हे हात घालून पाहावे. दांडा किंवा ट्रॉली ड्रेपखाली येणार असल्याने ती ड्रेप लावण्यापूर्वीच जागेवर असली पाहिजे. नंतर खालून हात घालून ती सरकवायला गेले की निर्जंतुक भाग बिघडतो.

मग ड्रेप. बीटाडीन पुसून त्वचा पूर्ण कोरडी करावी. ओल्या त्वचेवर चिकट कड टिकत नाही. सर्जन किंवा स्क्रब सिस्टर चिकट भाग पापण्यांवर लावतात, डोळ्यासमोर चीर देतात आणि स्पेक्युलमने, म्हणजे पापण्या उघड्या धरणाऱ्या चिमट्याने, कडा आत दुमडून पापण्यांचे केस झाकतात. नाकाच्या बाजूची कड इथे सर्वांत महत्त्वाची असते, कारण श्वासाची हवा डोळ्याकडे येऊ नये म्हणूनच मुळात ड्रेप लावलेला असतो. नाकाजवळ घट्ट आणि छातीकडे मोकळा, अशी ही रचना आहे. सर्जन डोक्याकडे बसलेले असतील तर छातीकडची आणि शस्त्रक्रिया नसलेल्या डोळ्याकडची बाजू उघडी ठेवावी, ड्रेपची उरलेली लांबी छातीवर पसरू न देता दांड्यावरून मागे टाकावी आणि खालच्या कडा पांघरुणाखाली खोचू नयेत. खोचल्या की तंबू पुन्हा बंद झाला. वरून आणखी हिरवे कापड टाकायची सवय काही ठिकाणी आहे. तोंडावर दुसरा थर येणार असेल तर ती सोडावी. उपकरणे, गॉजचे गठ्ठे किंवा हात रुग्णाच्या तोंडावर, हनुवटीवर ठेवू नयेत.

धुण्याचे पाणी कानात जाणार नाही याची सोय इथेच करावी. पाणी गोळा करणारी पिशवी असलेला ड्रेप असेल तर उत्तम, नाही तर कानाजवळ गॉज आणि कानात सैलसर कापूस. ड्रेपखाली अंधारात पडलेल्या माणसाच्या कानात गार पाणी शिरले की त्याला आपण बुडतोय असे वाटते. श्वासाचा म्हणून सांगितला जाणारा त्रास पुष्कळदा याच पाण्याचा असतो. पारदर्शक ड्रेप मिळत असेल तर तो निवडावा. बंद जागेची भीती असलेल्या रुग्णाला उजेड मिळतो आणि तुम्हाला त्याच्या ओठांचा रंग दिसतो.

हवा, ऑक्सिजन आणि कॉटरी

तंबू उघडा असला तरी आतली हवा आपोआप पुरेशी बदलत नाही. त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे हवा आत सोडणे : मिनिटाला 10 लिटर किंवा अधिक प्रवाह हनुवटीजवळ सोडला तर साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर ढकलला जातो. ओटीत मेडिकल एअरची लाइन असेल तर याकरिता तीच वापरावी. दुसरा मार्ग म्हणजे सक्शन : सक्शनच्या नळीचे तोंड ड्रेपखाली हनुवटीच्या खालच्या बाजूला, त्वचेला चिकटणार नाही असे, टेपने बसवून हलके चालू ठेवावे. आतली शिळी हवा ओढली जाते आणि उघड्या बाजूने ताजी हवा येते. तालुक्याच्या ठिकाणी मेडिकल एअर नसते पण सक्शन मशीन बहुतेक असते, म्हणून मला हा मार्ग आपल्याकडे अधिक उपयोगाचा वाटतो. मशीनचा आवाज होतो, तेवढा रुग्णाला आधी ऐकवून ठेवावा.

नाकातल्या नळीने मिनिटाला 2 लिटर ऑक्सिजन दिल्याने रक्तातला ऑक्सिजन राखला जातो, पण तेवढ्या प्रवाहाने ड्रेपखालचा कार्बन डायऑक्साइड धुऊन निघत नाही. फुप्फुसाचा जुनाट आजार असलेल्या रुग्णाला तर सरसकट भरपूर ऑक्सिजन देऊ नये. त्यांच्यात 88 ते 92 हा आकडा पुरेसा मानला जातो आणि जास्त ऑक्सिजनने त्यांचा कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. किती द्यायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ उपलब्ध असेल तर त्याची नळी नाकाशी लावावी. आकडा अचूक नसला तरी श्वासाची गती त्यावर स्पष्ट दिसते.

सिलिंडरचा हिशेब यादी सुरू होण्यापूर्वीच करावा. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 10 लिटरने तो अडीच तासांत संपतो, तर 2 लिटरने बारा तासांहून अधिक चालतो. उन्हाळ्यात वीज गेली की कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र) आणि सक्शन दोन्ही बंद पडतात, म्हणून जनरेटर सुरू होईपर्यंत भरलेला सिलिंडर जोडलेला असावा आणि ड्रेपची उघडी बाजू लगेच आणखी उचलून धरावी.

आता आगीबद्दल. ड्रेपखाली ऑक्सिजन साठलेला असतो, ड्रेप आणि गॉज जळणारे असतात आणि सर्जनच्या हातात कॉटरी, म्हणजे डाग देऊन रक्त थांबवणारे उपकरण, असते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की चेहऱ्यावर आग लागू शकते, आणि ती जगभर लागलेली आहे. द्रवाखाली चालणाऱ्या बायपोलर कॉटरीत धोका कमी असतो. बॅटरीवर तारेचे टोक लाल करणाऱ्या किंवा स्पिरिटच्या दिव्यावर तापवलेल्या कॉटरीत तो जास्त असतो, आणि जिथे ऑक्सिजन चालू आहे तिथे स्पिरिटचा दिवा जवळपासही नको. सर्जनने कॉटरी मागितली की "ऑक्सिजन बंद करते" असे मोठ्याने सांगून तो बंद करावा, सक्शन चालूच ठेवावे, ड्रेपची कड उचलून आतली हवा मोकळी करावी आणि काही मिनिटे जाऊ देऊन मगच "आता चालेल" म्हणावे. सर्जनला घाई असली तरी हे थांबणे टाळू नये. सक्शनचा आणखी एक फायदा इथे लक्षात येतो : तो साठलेला ऑक्सिजनही ओढून घेतो.

ड्रेपखालच्या माणसाशी बोलणे

आपल्याकडे माणूस "हो" म्हणताना मान हलवतो. शस्त्रक्रिया चालू असताना "बरं वाटायलंय का, बाबा?" असे विचारले आणि बाबांनी मान डोलावली, तर डोळ्यातले उपकरण कुठे जाईल याचा विचार करा. म्हणून ड्रेप लावण्यापूर्वी खुणा ठरवाव्यात आणि त्या दोनदा करून घ्याव्यात. माझा हात एकदा दाबला म्हणजे ठीक आहे. दोनदा दाबला म्हणजे काही सांगायचे आहे. खोकला किंवा शिंक येणार असेल तर हात घट्ट आवळून धरायचा, मग सर्जन उपकरण बाहेर काढतील आणि मोकळेपणाने खोकता येईल. सांगताना शब्द रुग्णाचे असावेत : "दम लागायलाय असं वाटलं, पाणी कानात गेलं, पाठ भरून आली, तर हात दाबा. मान हलवू नका, हात वर आणू नका." देगलूर-बिलोलीकडचा रुग्ण तेलुगू बोलणारा असू शकतो, उदगीरकडचा कन्नड, आणि प्रत्येक जिल्ह्यात दखनी बोलणारे आहेतच. नातेवाइकाकडून ही तीन वाक्ये त्याच्या भाषेत सांगून घ्यावीत.

हात धरण्यासाठी एक माणूस असावा. हाताला हात लागलेला असला की भीती कमी होते, हे अभ्यासांतूनही दिसून आलेले आहे, आणि ड्रेपखालून येणारा पहिला इशाराही त्या हातालाच कळतो : तळहात घामेजणे, पकड वाढणे, बोटे चाळवणे. रुग्णाचे हात बांधू नयेत. बांधलेला माणूस अधिक घाबरतो आणि जोराने श्वास घेऊ लागतो.

झोपेचे औषध देऊन प्रश्न सुटतो, असे वाटणे साहजिक आहे. पण गुंगीतल्या माणसाची जीभ मागे पडते, तो घोरतो, श्वास अडतो आणि दचकून जागा होतो तेव्हा डोके उचलतो. हे सगळे ड्रेपखाली घडते, दिसत नाही. औषध द्यायचे की नाही हा भूलतज्ज्ञांचा निर्णय आहे. ते दिलेले असेल तर तुमची नजर छातीच्या हालचालीवरून हटता कामा नये.

त्रास सुरू झाला तर

श्वास जलद होणे, पाय चाळवणे, हाताला घाम, नाडी आणि बीपी वाढणे, डोके दुखते म्हणणे, आणि पुढे उलट शांत होत जाणे किंवा असंबद्ध बोलणे, या क्रमाने कार्बन डायऑक्साइड वाढत असल्याची शंका घ्यावी. ऑक्सिमीटरचा आकडा चांगला आहे म्हणून वाट पाहू नये. सर्जनना "थांबा सर, पेशंटला श्वास लागतोय" असे सरळ सांगावे. ते उपकरण बाहेर काढतात, तोवर तुम्ही डोळ्याची बाजू तशीच ठेवून छातीकडचा ड्रेप वर उचलून धरावा. तोंडाला मोकळी हवा लागली की बहुतेक रुग्ण मिनिटभरात शांत होतात. मग पाठ थोडी उचलता येते का, सक्शनची नळी वाकली आहे का, नाकातली नळी सरकली आहे का, हे पाहावे. दम्याच्या रुग्णाला डॉक्टरांच्या सूचनेनुसार त्याचा इन्हेलर द्यावा.

तेवढ्याने आराम पडला नाही, नाडी एकदम मंदावली किंवा उत्तरे बंद झाली, तर ड्रेप पूर्ण काढावा. डोळ्यावर निर्जंतुक शील्ड ठेवता येते आणि जखम नंतर पाहता येते; श्वास मात्र तेव्हाच पाहावा लागतो. हा निर्णय घेताना कुणी नवखा म्हणून गप्प राहू नये.

ड्रेप काढताना

आधी ऑक्सिजन आणि सक्शन बंद करावे, मग चिकट कड कपाळाकडून हळूहळू सोडवावी; वयस्कांची त्वचा पातळ असते आणि भुवया ओढल्या जातात. चेहरा पुसावा, कान कोरडा करावा. लगेच उभे करू नये. पाठ उचलून दोन-तीन मिनिटे बसवावे, मग पाय खाली सोडू द्यावेत. याच वेळी विचारावे की आत श्वासाला कसे वाटले, कधी जड गेले, पाठ दुखली का. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू बहुधा राहिलेला असतो आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी याच टेबलावर येतो. त्या वेळी कदाचित तुम्ही ड्यूटीवर नसाल, म्हणून किती उशा लागल्या, पाठ किती उचलली, कोणत्या मिनिटाला हात दाबला आणि कशाने आराम पडला, हे केस पेपरवर लिहून ठेवावे आणि त्याखाली आपली सही करावी.